सुवाच्य अक्षराची पायाभरणी

दसऱ्याच्या दिवशी पाटीवर एक हा आकडा पुनःपुन्हा जोडून सरस्वतीची आकृती काढावयाची आणि तिचे पूजन करावयाचे, असा प्रघात महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही पाळला जातो. अक्षराला एवढा मान देणाऱ्या समाजात अक्षर कसे शिकवावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. मूल शाळेत जाऊ लागले की त्याचे अक्षर आपोआप वळणावर येईल, अशी पालकांची समजूत असते. अक्षर मुळातच चांगले किंवा वाईट असते, त्याला इलाज नाही, अशी काही शिक्षकांची धारणा असते. या दोन समजुतींच्या मध्ये सापडते ते सहा-सात वर्षांचे मूल. त्याला उत्तर येत असते. पण त्याने लिहिलेले कोणालाच वाचता येत नाही. वहीवर लाल शेरे पडतात, ‘गिचमिड अक्षर’ असा शिक्का बसतो आणि हळूहळू ते मूल लिहिण्याचेच टाळू लागते. जे मूल लिहिण्याचे टाळते, ते पुढे इतर विषयांतही मागे पडते.

वस्तुतः सुंदर अक्षर आणि सुवाच्य अक्षर या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुंदर अक्षर ही कला आहे. ती सर्वांनाच साधेल असे नाही. सुवाच्य अक्षर, म्हणजे दुसऱ्याला न अडखळता वाचता येईल आणि स्वतःला न थकता लिहिता येईल असे अक्षर, हे मात्र कौशल्य आहे. पोहणे किंवा सायकल चालविणे जसे क्रमाने शिकविता येते, तसेच तेही शिकविता येते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. लागतो तो योग्य क्रम, रोजचा थोडा वेळ आणि शिकविणाऱ्याचा संयम.

जुनी आस्था

मराठी परंपरेत लेखनाकडे गांभीर्याने पाहिले जात असे, याचा उत्तम दाखला समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त आढळतो. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. अक्षरांना गोलाई व सरळपणा असावा, ती एकमेकांत गुंतू नयेत, ओळीला ओळ भिडू नये, पानाच्या कडेने जागा सोडावी आणि आरंभापासून ग्रंथसमाप्तीपर्यंत लेखन एकसारखे दिसावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. तरुणपणी हौसेने काढलेले अतिबारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही. म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असा व्यवहारी सल्लाही तेथे दिलेला आहे. तीन शतकांहून अधिक काळ लोटला, तरी यातील एकही सूचना जुनी झालेली नाही.

त्या काळी बाळबोध आणि मोडी अशा दोन वळणांनी मराठी लिहिली जाई. ग्रंथलेखनासाठी बाळबोध, तर दफ्तराच्या जलद लेखनासाठी मोडी असा सर्वसाधारण संकेत होता. मोडीत पानावर आधी आडवी रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली शक्य तेवढे लेखणी न उचलता अक्षरे लिहीत. बाळबोधात प्रत्येक अक्षर सुटे व स्पष्ट काढीत आणि शिरोरेषा शेवटी देत. वेग आणि स्पष्टता यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न तेव्हाही होताच. आजचे मूल एकाच वळणाने लिहिते. पहिलीत त्याने स्पष्टता कमवावयाची आणि वरच्या वर्गांत ती न गमावता वेग साधावयाचा, अशी अपेक्षा असते.

जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धुळपाटीवर लिहावयास शिके. फळीवर बारीक धूळ किंवा रेती पसरून त्यावर बोटाने वा काडीने अक्षर काढावयाचे, चुकले की फळी हलवून पुन्हा आरंभ करावयाचा. या साध्या साधनात एक मोठे तत्त्व दडलेले होते. मुलाची चूक तेथे टिकून राहत नसे. तिची आठवण करून देणारी लाल रेघ नसे.

महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या वाईट अक्षराविषयी मनापासून खेद व्यक्त केला आहे. दक्षिण आफ्रिकेत तरुण वकिलांची मोत्यासारखी अक्षरे पाहून त्यांना लाज वाटली. पुढे सुधारणेचा प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती. वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानावे, असा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. अक्षरलेखनाआधी मुलांना चित्रकला शिकवावी. पक्षी, फुले या वस्तू पाहून जसे मूल चित्र काढते, तसे त्याने अक्षरही नीट न्याहाळून काढावे, ही त्यांची सूचना आज बालशिक्षणात सर्वमान्य झाली आहे.

हात आधी, अक्षर नंतर

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या, म्हणजे मऊ अस्थीच्या स्वरूपात असतात. ती एकामागून एक कठीण होत जातात आणि ही क्रिया पूर्ण व्हायला वयाची नऊ ते बारा वर्षे लागतात. बोटांचे बारीक स्नायू आणि डोळा व हात यांचा मेळ हेही क्रमाक्रमाने साधत जाते. साधारणपणे मूल तीन वर्षांच्या सुमारास पाहून गोल काढू शकते, चार वर्षांच्या सुमारास अधिकचे चिन्ह, साडेचारच्या सुमारास चौकोन आणि पाच वर्षांनंतर त्रिकोण. तिरप्या रेघा उभ्या-आडव्या रेघांपेक्षा उशिरा साधतात. मुलागणिक यात काही महिन्यांचा फरक पडतो आणि तो स्वाभाविक असतो.

ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली, म्हणजे साडेतीन वर्षांच्या बालकाकडून पाने भरून घेणे किती अनाठायी आहे हे स्पष्ट होते. ज्याला अजून चौकोन काढता येत नाही, त्याच्याकडून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काढून घेतल्यास ते पेन्सिल मुठीत आवळते, खांद्यातून जोर लावते आणि चुकीची पकड पक्की करून बसते. पुढे ही सवय मोडणे शिक्षकाला फार जड जाते.

या वयात करावयाचे ते निराळेच. माती मळणे, कणकेचे गोळे करणे, मणी ओवणे, शेंगा सोलणे, धान्य निवडणे, कागद फाडून चिकटविणे, सुतळीला गाठी मारणे, अंगणात काडीने रेघोट्या ओढणे, ठिपके जोडून रांगोळी काढणे, या सर्व कामांत बोटे आणि डोळे एकत्र राबतात. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हीच दिशा दाखविली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी चालविलेल्या कार्यात आदिवासी बालकांसाठी खडे, शिंपले, पाने, बिया अशी आसपास फुकट मिळणारी साधने वापरली गेली. मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविते. तेच काम वाळू चिकटविलेल्या पुठ्ठ्यावर कोणत्याही अंगणवाडीत करता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. मणी ओवल्याने अक्षर सुधारत नाही. मणी ओवल्याने हात अक्षरासाठी तयार होतो. हस्तलेखनाच्या अध्यापनाविषयी झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा तान्या सँटांजेलो आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ बोटांचे व्यायाम घेतल्याने अक्षर सुवाच्य होत नाही, प्रत्यक्ष अक्षरलेखन शिकविल्याने ते होते आणि त्याबरोबर मुलांच्या लेखनाचा आशयही सुधारतो, असे त्यात दिसून आले. म्हणून बालवाडीत हाताची तयारी आणि पहिलीत अक्षराचा पद्धतशीर सराव, अशी विभागणी योग्य ठरते.

बैठक, प्रकाश आणि पकड

अक्षर बिघडण्याची निम्मी कारणे वहीबाहेर असतात. अनेक प्राथमिक शाळांत मुले बसकर पट्टीवर मांडी घालून बसतात, वही जमिनीवर ठेवतात आणि तिच्यावर ओणवी होऊन लिहितात. पाठीला पोक येते, डोळे वहीला टेकतात आणि शरीराचा भार लिहित्या हातावर पडतो. पूर्वी मुनीम व कारकून बैठकीवर बसूनच लिहीत. परंतु त्यांच्यापुढे उतरते मेज असे. तशाच प्रकारचा, मागची बाजू थोडी उंच असलेला लहान पाट किंवा लाकडी फळी मुलापुढे ठेवल्यास पाठ सरळ राहते. गावातील सुतार अशा फळ्या सहज करून देऊ शकतो. बाक असल्यास मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायांखाली विटा किंवा पाटा द्यावा. डोळे आणि वही यांत साधारण एक फुटाचे अंतर असावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला प्रकाश डावीकडून मिळावा. अन्यथा हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते.

पेन्सिल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून मधल्या बोटावर टेकवावी. टोकापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर बोटे असावीत. पकड इतकी सैल असावी की दुसऱ्याने हळूच ओढली तर पेन्सिल सुटून यावी. दुसऱ्या हाताने वही धरलेली असावी. अनेक मुले हा हात मांडीवर ठेवतात, त्यामुळे वही सरकते आणि ओळ वाकडी होते. लहान बोटांना लांब पेन्सिलीपेक्षा खडूचा किंवा पाटीवरच्या पेन्सिलीचा लहान तुकडा अधिक उपयोगी पडतो. मूठ आवळण्यास तेथे जागाच नसते, त्यामुळे चिमटीची पकड आपोआप येते.

ग म भ न चे शास्त्र

वर्णमाला ‘अ आ इ ई’ या क्रमाने म्हणावयाची असली, तरी लिहावयास त्या क्रमाने आरंभ करणे सोयीचे नाही. ‘अ’ आणि ‘इ’ या अक्षरांत गोलाई, गाठ, वळसा असे अनेक कठीण अवयव एकत्र आलेले असतात. मराठी शाळांत रूढ झालेली ‘ग म भ न’ ची वाट याच विचारातून निघाली आहे. या चारही अक्षरांत उजवीकडे उभा दंड आहे आणि डावीकडे एक छोटा अवयव आहे. एक अक्षर आले की दुसऱ्यासाठी थोडाच नवा भाग शिकावा लागतो.

याच न्यायाने अक्षरांचे गट पाडता येतात. ‘व, ब, क’ यांत डावीकडचा गोल समान आहे. ‘प, ष, फ’ यांचा आरंभ सारखा आहे. ‘र, स, ख’ हा एक गट. ‘ट, ठ, ढ, द’ ही शिरोरेषेपासून लोंबणाऱ्या आखूड देठाची अक्षरे. ‘ड, ङ, ह, इ’ यांत वळणावर वळण येते, म्हणून ती मागाहून घ्यावीत. प्रत्येक गटाआधी त्यातील मूळ रेघांचा, म्हणजे उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, डावा आणि उजवा अर्धगोल यांचा सराव फळ्यावर व पाटीवर मोठ्या आकारात घ्यावा.

रेघांचा क्रम व दिशा पहिल्या दिवसापासून पक्की करावी. सर्वसाधारण नियम सोपे आहेत. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. आधी अक्षराचे अंग, मग दंड आणि शेवटी शिरोरेषा. एखादे मूल खालून वर रेघ ओढून काढलेले ‘ग’ दिसावयास ठीक असेल, पण वेग वाढताच ते मोडते. म्हणून शिक्षकाने तयार झालेले अक्षर न पाहता ते तयार होताना पाहणे आवश्यक आहे. फिरत्या नजरेने पाच मिनिटे वर्गात चक्कर मारली, तर वही तपासून न कळणाऱ्या चुका लक्षात येतात.

दंड पक्का असण्याचे महत्त्व जोडाक्षरांत कळते. ज्या अक्षरांच्या उजवीकडे दंड आहे, त्यांचा दंड काढून अर्धे अक्षर होते. ‘पुस्तक’ लिहिताना ‘स’ चा दंड गाळून त्याला ‘त’ जोडावयाचा असतो. ज्या मुलाला दंड हा स्वतंत्र अवयव म्हणून दिसलेला नाही, त्याला जोडाक्षर हे संपूर्ण नवे चित्र वाटते आणि ते गोंधळते.

अस्पष्ट लेखनाने अर्थ कसा बदलतो, हे मुलांना उदाहरणांनी दाखविणे फार परिणामकारक ठरते. ‘ख’ चे दोन भाग सुटे पडले तर ‘खाना’ चे ‘रवाना’ होते. ‘घ’ आणि ‘ध’ यांतील फरक राखला नाही, तर ‘घन’ चे ‘धन’ होते. ‘भ’ ची गाठ विसरली की ‘भला’ चे ‘मला’ होते. वरच्या वर्गात ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा मराठीचा खास भेदही दाखवावा. अनुस्वार आपल्याच अक्षराच्या डोक्यावर बसला पाहिजे, वेलांटी शिरोरेषेला भिडली पाहिजे आणि उकार अंगाखालीच आला पाहिजे, हे नियम मुले अशा खेळातून आनंदाने पाळू लागतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. मराठी वर्णमाला व लेखन यांच्या प्रमाणीकरणाविषयी राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढला. भिंतीवरचे तक्ते, फळा आणि पाठ्यपुस्तक यांत एकच वळण राहील, अशी काळजी प्रत्येक शाळेने घ्यावी. तीन ठिकाणी तीन वळणे पाहणारे मूल कोणते गिरवावे या संभ्रमात पडते.

गिरविणे पुरेसे नाही

कित्ता गिरविणे हा आपल्याकडील सरावाचा रूढ प्रकार. आरंभी तो उपयोगीही आहे. तथापि ठिपक्यांवरून पेन्सिल फिरविताना मूल अक्षर लिहीत नसते, ते रेघेचा पाठलाग करीत असते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अद्याप वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरे हाताने लिहून, काही गिरवून आणि काही कळफलकावर दाबून घेण्यात आली. नंतर ती अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग जागृत झाले ते प्रामुख्याने स्वतः लिहिलेल्या अक्षरांच्या बाबतीत. गिरविलेल्या किंवा दाबलेल्या अक्षरांनी तो परिणाम साधला नाही. हाताने लिहिणे ही वाचनाचीही पूर्वतयारी आहे, हे यातून दिसते.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग व्हर्जिनिया बर्निंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लेखनात मागे असलेल्या पहिलीच्या १४४ मुलांना निरनिराळ्या पद्धतींनी अक्षरे शिकविण्यात आली. अक्षरावर क्रमांक घातलेले बाण दाखवायचे, मग अक्षर झाकायचे आणि मुलाने ते आठवून लिहायचे, ही पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली. हे प्रयोग रोमन अक्षरांवर झाले असले, तरी त्यातील तत्त्व देवनागरीला तितकेच लागू पडते.

वर्गात ते असे राबविता येईल. शिक्षकाने फळ्यावर ‘म’ मोठा काढावा, काढताना दिशा मोठ्याने सांगावी आणि बाणांवर १, २, ३ असे आकडे घालावेत. मुलांनी तो हवेत, मग पाटीवर पाहून काढावा. त्यानंतर फळ्यावरील अक्षर पुसावे आणि मुलांनी क्षणभर डोळे मिटून ते आठवून लिहावे. मग फळ्यावर अक्षर पुन्हा काढून प्रत्येकाने आपले अक्षर त्याच्याशी ताडून पाहावे आणि स्वतःच्या चार ‘म’ पैकी सर्वांत चांगल्या ‘म’ भोवती गोल करावा. चांगले कोणते हे मुलाला स्वतः ओळखता आले, की निम्मे काम झाले असे समजावे.

थोडे, पण रोज

रोज दहा ते पंधरा मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा दीड तास घेतलेल्या सरावापेक्षा अधिक गुणकारी असतो. लहान मुलाचा हात लवकर थकतो. पहिली ओळ मन लावून लिहिलेली असते, दहावी ओळ केवळ संपविण्यासाठी लिहिलेली असते, आणि सवय लागते ती दहाव्या ओळीची. म्हणून पानभर वाईट अक्षर काढण्यापेक्षा दोन ओळी चांगल्या काढणे केव्हाही श्रेयस्कर.

साधनांचा क्रम मोठ्याकडून लहानाकडे असावा. वाळू, फळा, पाटी, रुंद रेघांची वही आणि नंतर दुरेघी वही. दुरेघीत अक्षराचे अंग दोन रेघांच्या मध्ये राहते. मात्रा, वेलांटी व अनुस्वार वर, तर उकार खाली जातो. या तीन मजल्यांची जाणीव झाली की ओळीत ओळ घुसत नाही. एकरेघी वही त्यानंतर द्यावी. पेन्सिलीवर हात बसल्याशिवाय पेन देण्याची घाई नको. दोन शब्दांमध्ये एका बोटाची जागा सोडण्याची खूण मुलांना सहज लक्षात राहते.

तपासताना एका वेळी एकच दोष दाखवावा. आज शब्दांतील अंतर, पुढच्या आठवड्यात शिरोरेषा. दहा दोष एकदम दाखविले तर एकही सुधारत नाही. गोष्ट किंवा निबंध लिहिताना मूल विचारात गुंतलेले असते. त्या वेळी अक्षरावरून अडवू नये. आधी विचार मांडू द्यावा, मग त्यातील चार ओळी नीट उतरवून काढण्यास सांगाव्यात. अक्षरे हाताला सहज वळू लागली, म्हणजे मुलाचे लक्ष अक्षरावरून सुटून आशयाकडे वळते. सुवाच्य लेखनाचा खरा लाभ हाच आहे.

‘शंभर वेळा लिहून आण’ ही शिक्षा मात्र सर्वथा त्याज्य मानली पाहिजे. लेखनालाच शिक्षा केले, तर मुलाला लेखनाची गोडी कशी लागणार? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केलेली आहे. वाईट अक्षराची वही वर्गापुढे फडकावून हसे करणे हे या कलमाच्या हेतूशी विसंगत आहे.

वेगळी वाट असलेली मुले

दर दहा मुलांमागे साधारण एक मूल डावखुरे असते. त्याचा हात बांधणे, त्यावर मारणे किंवा त्याला सक्तीने उजव्या हाताने लिहावयास लावणे हे अन्यायाचे आहे आणि त्याने अक्षर बिघडतेच. अशा मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही. वही शरीराच्या मध्यापासून किंचित डावीकडे ठेवून तिचे वरचे टोक उजवीकडे कलते करावे. पेन्सिल टोकापासून थोडी अधिक वर धरावी, म्हणजे लिहिलेले दिसते आणि पुसले जात नाही. प्रकाश त्याला उजवीकडून मिळावा.

काही मुले ‘३’ च्या जागी ‘६’ किंवा अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढतात. सहा-सात वर्षांपर्यंत हे सामान्य आहे. मात्र त्यानंतरही ते चालू राहिले, शिकवूनही अक्षर जमेना, लिहिताना हात दुखतो अशी तक्रार वारंवार येऊ लागली, तर तो आळस समजू नये. लेखनाशी संबंधित विशिष्ट अध्ययन-अक्षमता ही दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मान्य करण्यात आली आहे. अशा मुलाची योग्य तपासणी करवून घेणे हे शाळेचे आणि पालकांचे कर्तव्य ठरते. डोळ्यांची तपासणी तर सर्वांत आधी करावी. फळाच न दिसणाऱ्या मुलाला अक्षरावरून बोल लावला जातो, असेही घडते.

गावाचा हातभार

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्याद्वारे अंगणवाड्या गावोगावी पोहोचल्या. तीन ते सहा वर्षांच्या बालकांच्या हाताची तयारी होण्याचे हेच स्थान आहे. अंगणवाडीत ‘लिहिणे’ किती झाले याची विचारणा करण्याऐवजी माती, मणी, रंगीत खडू आणि भिंतीवरचा खालपर्यंत रंगविलेला फळा तेथे आहे काय, याची विचारणा ग्रामपंचायत सदस्यांनी केली, तर अधिक लाभ होईल. मुलाच्या छातीइतक्या उंचीवर खोलीभर काळा पट्टा रंगविण्यास खर्च थोडा येतो, आणि पन्नास मुलांना लिहिण्यास जागा मिळते.

२००९ च्या अधिनियमाने शासकीय व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली असून तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने वर्गातील उजेड, बसण्याची सोय, उतरत्या फळ्या, पाट्या व दुरेघी वह्या यांचा विचार वर्षारंभीच करावा. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन, लेखन व गणित यावे आणि हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठावे, असे ठरविण्यात आले. लेखनाचा पाया हस्तलेखनातच आहे. मार्च २०२० पासून शाळा बंद राहिल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा भरू लागले. त्या काळात पहिलीत असलेल्या मुलांना पाटीवर हात धरून शिकविणारे कोणी नव्हते. अशा मुलांचे अक्षर पुढच्या वर्गांत सुधारत नसेल, तर त्यांना दोष न देता राहून गेलेला पहिला टप्पा पुन्हा घेणे हाच उपाय आहे.

पालकांची शाळा चुकलेली असली, तरी घरी त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. वाणसामानाची यादी मुलाकडून लिहून घ्यावी, मामाला पत्र लिहावयास सांगावे, धान्याच्या डब्यांवर त्याच्याच हाताने नावे लावावीत. आपले लिहिलेले कोणीतरी वाचते आणि त्यावरून घरात मीठ येते की मेथी, हे कळले, म्हणजे नीट का लिहावे हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

संगणक आणि मोबाइलच्या काळात हस्ताक्षराची आवश्यकता काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर पहिलीच्या वर्गात मिळते. तेथे मूल हाताने अक्षर घडविते आणि घडविता घडविता ते ओळखावयास, वाचावयास शिकते. शिक्षकाने दिशा दाखवावी, अंगणवाडीने हात तयार करावा, पंचायतीने उजेड आणि फळा द्यावा आणि घराने वाचणारा माणूस द्यावा. एवढे झाले, तर ‘गिचमिड अक्षर’ या शेऱ्यापायी एकही मूल लेखनाला पारखे होणार नाही.